छंदाच्या समूहातील स्वजाहिरात आणि जुनी वैरे: संपादकांनी नेमके काय तपासावे?

अंतर्वक्र (प्रश्नकर्ता)

नमस्कार.

हौशी दुर्बीणकारांच्या एका ऑनलाइन समूहाच्या संपादक मंडळात मी काम करतो. काच घासून आरसा तयार करणे, त्याची चाचणी घेणे आणि तो नळीत नीट बसवणे, एवढ्याच विषयाला हा समूह वाहिलेला आहे. सदस्यसंख्या फार मोठी नाही, परंतु जे आहेत ते मनापासून लिहितात, आणि म्हणूनच पुढील प्रकरण मला अधिक बोचते.

समूहातील एक ज्येष्ठ सदस्य, ज्यांना येथे 'क्ष' म्हणू, आरशाच्या कामात अत्यंत वाकबगार आहेत. ते तयार आरसे आणि चाचणीची उपकरणे विकतात, तसेच त्यांची स्वतःची व्हिडिओ वाहिनी आहे. दुसरे ज्येष्ठ सदस्य 'य' काहीही विकत नाहीत. त्यांचे वाचन दांडगे आहे आणि प्रकाशशास्त्राच्या गणितात त्यांचा हात धरणारा समूहात कोणी नाही. या दोघांचे पूर्वी कधीतरी, कशावरून तरी बिनसले. आज स्थिती अशी आहे की 'क्ष' यांच्या जवळपास प्रत्येक प्रतिसादावर 'य' जाहिरात म्हणून तक्रार नोंदवतात, आणि 'य' यांनी आयुष्यात एकही आरसा पूर्णत्वाला नेलेला नाही, हे 'क्ष' संधी मिळेल तेथे सुचवत राहतात.

अलीकडचाच प्रसंग सांगतो. एका नव्या सदस्याने आपल्या पहिल्या आरशाच्या रोंकी चाचणीचे (बारीक समांतर रेषांच्या जाळीतून पाहून आरशाचा दोष ओळखण्याची पद्धत) छायाचित्र टाकले. मधल्या भागात पट्टे सुरेख दिसत होते, पण कडेशी पोहोचताच ते आकड्यासारखे वळत होते. म्हणजे आरशाची कड खाली झुकलेली होती. 'क्ष' यांनी चार ओळींत अचूक निदान केले: पिचचा (पॉलिशसाठी वापरल्या जाणाऱ्या डांबरासारख्या पदार्थाचा) थर मऊ असावा, पॉलिश करताना हात फार लांब जात असावा आणि कडेवर नको तितका दाब पडत असावा. उपाय मात्र त्यांनी लिहिलाच नाही. "पुढचे माझ्या वाहिनीवर पाहावे, चाचणीची जाळी माझ्याकडे मिळेल," असे म्हणून त्यांनी प्रतिसाद संपवला. त्यावर 'य' यांनी लिहिले की रोंकीच्या पट्ट्यांवरून दोष दिसतो, पण त्याचे नेमके माप काढणे अवघड असते, आणि मोजायचेच असेल तर फूको चाचणीचे (प्रकाशाच्या वाटेत धारदार पाते सरकवून आरशाचा आकार तपासण्याची पद्धत) पाते हाताशी हवे. येथवर त्यांचे म्हणणे रास्त होते. परंतु त्याच परिच्छेदाच्या शेवटी "दुकानदारांना हे सांगून उपयोग नाही" ही पुस्ती जोडलेली होती. मग दोन्हीकडचे कंपू सरसावले आणि धागा मारुतीच्या शेपटासारखा लांबत गेला. नवा सदस्य मध्येच एकदा "धन्यवाद" म्हणाला आणि पुन्हा फिरकला नाही.

आमच्या नियमावलीत या विषयावर एकच वाक्य आहे: "स्वतःच्या उत्पादनांची जाहिरात करू नये." मंडळातील एका सहकाऱ्याच्या मते बाहेरचे सर्व दुवे सरसकट बंद करावेत; दुसऱ्यांच्या मते दोघांनाही काढून टाकावे. मला दोन्ही पटत नाही. जाणकाराने स्वतःच्या कामाचा उल्लेख कोठवर करावा? तक्रार करणाऱ्याच्या मनात आकस आहे हे उघड असताना त्याच्या तक्रारीला किती वजन द्यावे? आणि दोघांत समेट घडवून आणणे हे संपादकांचे काम आहे काय? असे समूह सांभाळलेल्यांची मते हवी आहेत.

जुनी नोंदवही

आपण मांडलेला पेच आजच्या समाजमाध्यमांपेक्षा बराच जुना आहे, आणि त्यावर पूर्वी शोधलेले काही तोडगे अजूनही उपयोगी पडतात. यूझनेट या संगणकांवरील जुन्या चर्चाजाळ्याची कल्पना १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी मांडली आणि १९८० मध्ये ते प्रत्यक्षात आले. पुढे १९८६-८७ मध्ये तेथील चर्चागटांची नव्याने मांडणी झाली तेव्हा छंद आणि करमणुकीचे गट 'रेक' नावाच्या एका शाखेखाली आले. अनेक गटांची स्वतःची सनद असे आणि तिच्यात विक्रीच्या नोंदी चालतील की नाही हे लिहिलेले असे. छायाचित्रणासारख्या छंदांमध्ये चर्चेचा गट वेगळा आणि खरेदी-विक्रीचा वेगळा अशी सरळ विभागणी पुढे झाली. विकणाऱ्यांना हाकलून लावण्याची गरज पडली नाही, कारण त्यांना बसायला स्वतंत्र जागा मिळाली.

दुसरा तोडगा स्वाक्षरीचा होता. आपण काय करतो, काय विकतो, हे मजकुरात न घुसडता संदेशाच्या तळाशी स्वाक्षरीत लिहावे, असा प्रघात होता, आणि ती स्वाक्षरी चार ओळींपेक्षा मोठी नसावी असा संकेत होता. ऑक्टोबर १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिष्टाचारविषयक आरएफसी १८५५ या दस्तऐवजातही या चार ओळींची नोंद आहे. आपल्या 'क्ष' यांना ही सवलत दिली तर त्यांची वाहिनी आणि त्यांची जाळी प्रत्येक प्रतिसादाखाली दिसत राहील, पण नवशिक्याच्या प्रश्नाच्या उत्तरात तिला जागा उरणार नाही.

आता एप्रिल १९९४ मधील प्रसिद्ध प्रकरण पाहा. एका वकील दांपत्याने अमेरिकेच्या ग्रीन कार्ड सोडतीसंबंधी आपल्या सेवेची जाहिरात पाच हजारांहून अधिक गटांत टाकली. त्यावर जो संताप उसळला तो केवळ ते पैसे घेत होते म्हणून नव्हता. ज्या गटांमध्ये तो विषय कोणीही काढलेला नव्हता तेथे एकच मजकूर येऊन पडला, हे लोकांना असह्य झाले. आपल्याही नियमात हा फरक उतरायला हवा. विचारलेल्या प्रश्नाशी ज्याचा संबंध नाही ते उडवावे, आणि ज्याचा संबंध आहे ते कोणाच्या फायद्याचे आहे एवढ्याच कारणाने उडवू नये.

भांडणांविषयी मात्र यूझनेटकडून शिकण्यासारखे फारसे नाही. तेथे 'किलफाइल' नावाची सोय होती. लॅरी वॉल यांनी १९८४ मध्ये प्रसृत केलेल्या 'आरएन' या वाचन-प्रणालीमुळे ती लोकप्रिय झाली. नको असलेल्या माणसाचे संदेश तिच्यामुळे आपल्यापुरते दिसेनासे होत. त्याने वाचकाची सुटका होई, पण भांडण तसेच चालू राही आणि नव्याने येणाऱ्याला ते सर्व वाचावे लागे.

सहावा स्क्रू

मी स्वतः आरशाच्या बैठका तयार करतो आणि विकतो, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझे मत कोणत्या बाजूने येते आहे हे वाचणाऱ्याला कळेल.

सर्व दुवे बंद करण्याची सूचना मला अत्यंत घातक वाटते. जो माणूस रोज काच घासतो त्याला पिच किती अंशांवर नरम पडते, कोणत्या पावडरीनंतर किती वेळ धुवावे लागते, या गोष्टी बोटांनी ठाऊक असतात, आणि असा माणूस बहुधा काहीतरी विकतच असतो, कारण त्याशिवाय इतका वेळ या कामाला देणे परवडत नाही. त्याला गप्प केले की समूहात उरतात ते मुख्यतः वाचून बोलणारे. 'य' यांच्याविषयी हे मी म्हणत नाही. गणित जाणणारा माणूस हवाच. पण कडेचा झुकाव घालवायला पाते कोठे ठेवावे हे कळून पुरत नाही, हात कसा आखडता घ्यावा हेही कोणीतरी सांगावे लागते.

आकडेवारीचा नियम करू नका, ही दुसरी विनंती. रेडिटवर पूर्वी असा दंडक होता की आपल्या नोंदींपैकी दहापैकी एकच स्वतःच्या कामाविषयी असावी. दिसायला तो न्याय्य होता, पण जाहिरात करणाऱ्याने नऊ ठिकाणी "वा, सुंदर काम!" लिहायचे आणि दहाव्या ठिकाणी दुकानाचा पत्ता द्यायचा, ही पळवाट त्यात उघडीच होती. त्या नऊ पोकळ वाहवांनी समूहाचे अधिक नुकसान होते असे माझे मत आहे. त्या मानाने स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामिंगविषयक प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाचा नियम मला बरा वाटतो: स्वतःच्या उत्पादनाचा उल्लेख करायचा असेल तर आपला त्याच्याशी असलेला संबंध उत्तरातच स्पष्ट लिहावा लागतो, आणि उत्तराने प्रश्नही सोडवायला हवा.

मी स्वतःपुरती कसोटी अशी ठेवली आहे की दुवा खोडून टाकल्यावर उरलेला मजकूर वाचून विचारणाऱ्याचे काम झाले पाहिजे. 'क्ष' यांच्या त्या प्रतिसादाला हीच कसोटी लावून पाहा. दुवा काढला की निदान उरते, उपाय उरत नाही. म्हणजे त्यांनी उत्तराचा अर्धा भाग आपल्या वाहिनीच्या दारात नेऊन ठेवला. जाळी माझ्याकडे मिळते हे वाक्य मला तितकेसे खटकत नाही. उपाय राखून ठेवणे खटकते. आणि विकणारा म्हणून सांगतो, ते व्यापाराच्या दृष्टीनेही शहाणपणाचे नाही. ज्याला येथे पूर्ण उत्तर मिळते तोच पुढे विश्वासाने आपल्याकडे वळतो.

कुंपणावरचा

वरील दोन्ही प्रतिसादांशी मी बव्हंशी सहमत आहे, परंतु प्रश्नकर्त्यांच्या दुसऱ्या प्रश्नाला कोणी हात घातलेला नाही, आणि माझ्या अनुभवाने खरी गाठ तेथेच आहे.

छंदाच्या समूहात स्वजाहिरात आणि वैयक्तिक वैर या दोन स्वतंत्र तक्रारी वाटतात, पण बहुतेक वेळा एक दुसरीच्या आश्रयाने जगते. ज्याच्याशी आपले पटत नाही त्याला अडवायला "तो मला आवडत नाही" हे कारण कोणी पुढे करत नाही. "तो जाहिरात करतो" हे कारण सभ्य दिसते, नियमात बसते आणि संपादकांना कामाला लावते. उलट बाजूने, ज्याची जाहिरात खरोखरच मर्यादा ओलांडते त्याला "माझ्याविरुद्ध आकसाने तक्रार झाली आहे" ही ढाल आयती मिळते. आपला एका वाक्याचा नियम या दोघांनाही सारखाच सोयीचा आहे, कारण तो मोघम आहे, आणि मोघम नियमाचा अर्थ शेवटी माणूस पाहूनच लावला जातो.

म्हणून तक्रार कोणाची आहे याला वजन देऊ नये, असे मी म्हणेन. ना कमी, ना अधिक. वैऱ्याची तक्रारही बरोबर असू शकते, आणि मित्रांच्या मौनाचा अर्थ सर्व आलबेल आहे असा होत नाही. करायचे एवढेच की प्रतिसादाचा मजकूर नाव झाकून मंडळातील अशा सहकाऱ्याला दाखवावा ज्याने तो धागा वाचलेला नाही, आणि त्याला वर सांगितलेली कसोटी लावायला सांगावी. लहान समूहात नाव झाकले तरी शैली ओळखू येते, हे खरे. तरीही त्यामुळे चर्चा माणसावरून मजकुरावर येते. याच कसोटीला 'य' यांचा प्रतिसादही लावावा. फूको चाचणीविषयीचे त्यांचे म्हणणे उपयुक्त होते, 'दुकानदार' हा शब्द निरुपयोगी होता, आणि संपादकांनी तो शब्द वगळून उरलेला मजकूर राखायला हवा होता.

याला एक जोड हवी. ज्याने तक्रार नोंदवली त्याने त्याच धाग्यावर त्याच मुद्द्यावर लिहू नये. तक्रार केली म्हणजे निवाडा संपादकांवर सोपवला. मग हातात दांडकेही ठेवायचे, हे चालणार नाही. एवढ्या एका अटीने तक्रारींची संख्या पुष्कळ घटते, कारण अनेकांना तक्रारीपेक्षा उत्तर देण्यातच रस असतो.

समेट घडवणे मात्र संपादकांचे काम नाही. मूळ कारण कोणाला ठाऊक नाही असे आपणच लिहिता. ते शोधायला गेलात तर दोघेही आपापल्या जुन्या निरोपांच्या गठ्ठ्यांसह आपल्या दारात उभे राहतील. विकिपीडियावर दोन संपादकांचे सतत खटके उडत असतील तर त्यांच्यावर परस्परसंपर्काची बंदी घालता येते. दोघेही विश्वकोशात काम करत राहतात, पण एकमेकांना उत्तर देणे, एकमेकांविषयी बोलणे, एकमेकांचे बदल परतवणे त्यांना मना असते. छंदाच्या समूहाला हा उपाय विशेष लागू पडतो, कारण त्यात दोघांचेही ज्ञान हाती राहते. 'क्ष' यांनी हाताचे काम सांगावे, 'य' यांनी मोजमाप सांगावे, आणि दोघांनीही दुसऱ्याचा उल्लेख न करता नवशिक्याशी बोलावे.

लेखी बोलण्यात टोमणा कसा पोहोचतो याबद्दलही थोडे. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की ईमेलमधील उपरोध वाचणाऱ्याला ओळखू येईल याची लिहिणाऱ्यांना जेवढी खात्री असते, त्या मानाने तो फारच कमी वेळा ओळखला जातो. त्यामुळे "मी थट्टा केली होती" हा बचाव कित्येकदा प्रामाणिक असतो, आणि तरीही संपादकांच्या दृष्टीने त्याने फरक पडत नाही.

नियम कोठे लिहायचा यावरही विचार व्हावा. नेथन मटायस यांनी रेडिटवरील विज्ञानचर्चेच्या मोठ्या समूहात एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. चर्चेच्या माथ्यावरच नियम ठळकपणे लावले तेव्हा नवागतांचे नियमपालन सुमारे ८ टक्के-अंकांनी वाढले, आणि त्यांचा सहभागही सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. नियम दाखवल्याने नवे लोक बिचकतील ही भीती तेथे खरी ठरली नाही. आपला नवा सदस्य का गेला असेल, याचे एक उत्तर यात मिळते: येथे काय चालते आणि काय चालत नाही हे सांगणारे त्या धाग्यावर काहीच नव्हते.

अंतर्वक्र (प्रश्नकर्ता)

तिघांचेही मनःपूर्वक आभार. दुवा खोडून पाहण्याची कसोटी आणि परस्परसंपर्काची बंदी या दोन्ही गोष्टी मी मंडळापुढे ठेवल्या व त्या तत्त्वतः मान्य झाल्या. नव्या सदस्याला मी स्वतः व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाठवून कडेसंबंधीचे उत्तर कळवले आहे: थर थोडा कठीण करून घ्यावा, हात आखडता ठेवावा, आरसा थंड होऊ द्यावा आणि मगच पुन्हा चाचणी घ्यावी.

अडचण पुढे आहे. 'क्ष' यांना नियमाचा मसुदा दाखवला तेव्हा त्यांनी कळवले की आपल्या दुव्यांना हात लागला तर आपण समूह सोडू. शिवाय गेल्या काही आठवड्यांत एक नवा आयडी केवळ त्यांच्या आरशांची प्रशंसा करण्यासाठीच उगवतो आहे. 'य' यांनी तो 'क्ष' यांचाच डू-आयडी (दुसऱ्या नावाने उघडलेले खाते) असल्याचे जाहीरपणे सूचित केले, आणि भांडणाला नवे निमित्त मिळाले. यावर काय करावे?

आडवा छेद

डू-आयडीचा संशय चारचौघांत मांडणे हे 'य' यांचे वागणे चूक आहे, संशय खरा निघाला तरीही. ती नोंद ताबडतोब काढावी आणि त्यांना सांगावे की असा संशय संपादकांना खासगीत कळवायचा असतो. त्यानंतर तो आयडी कोणाचा आहे हे सिद्ध करण्याच्या भानगडीत शक्यतो पडू नये. तांत्रिक पुरावा बहुधा अर्धवट असतो, आणि एका घरातील दोन माणसे किंवा एखादा खरोखरच समाधानी ग्राहक यांच्यावर अन्याय होण्याची शक्यता राहते. त्याऐवजी त्या आयडीच्या प्रशंसेलाच प्रश्न विचारावेत: आरसा किती व्यासाचा घेतला, त्याची नाभीय लांबी किती आहे, चाचणीचे छायाचित्र आहे का, ताऱ्यावर रोखून पाहिला तेव्हा नाभीच्या आत आणि बाहेर प्रतिमा सारखी दिसली का? ज्याने आरसा वापरला आहे तो आनंदाने सांगेल आणि समूहाला एक चांगले परीक्षण मिळेल. दुसऱ्या कोणाला उत्तर देता येणार नाही, आणि मग नुसत्या प्रशंसेच्या नोंदी विषयाला धरून नाहीत म्हणून काढता येतील. दोन्ही बाबतींत आयडीमागचा माणूस कोण हे ठरवावे लागत नाही.

'क्ष' यांच्या इशाऱ्याबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. जाणकार माणूस गमावणे वाईट, पण ज्याच्या राहण्याची किंमत म्हणून नियम त्याच्यापुरता वाकवावा लागतो, त्याच्या प्रत्येक वाक्याला यापुढे त्या सवलतीचा वास येत राहील, आणि 'य' यांची आजवरची तक्रार आपणच खरी करून दाखवल्यासारखे होईल. त्यांना स्वाक्षरीच्या चार ओळी द्याव्यात, विक्रीसाठी स्वतंत्र विभाग उघडावा, त्यात पहिली नोंद करण्याचे निमंत्रणही त्यांनाच द्यावे. याहून अधिक काही देऊ नये. एवढे करूनही ते गेले, तर जाऊ द्यावे.

संपर्कबंदी कळवताना दोघांना शब्दशः एकच मजकूर, एकाच वेळी, व्यनिने पाठवावा. एकाला समजावणीचे आणि दुसऱ्याला तंबीचे पत्र गेले, तर ती दोन्ही पत्रे संध्याकाळपर्यंत शेजारी शेजारी समूहात चिकटवलेली दिसतील. बंदीला मुदत घालावी, मी सहा महिने सुचवेन, आणि ती संपल्यावर पुढचा निर्णय आपण स्वतः न घेता मंडळातील अशा सहकाऱ्याकडे द्यावा, ज्याचा या दोघांपैकी कोणाशीही नित्याचा पत्रव्यवहार नाही.